गोरेगावपर्यंतची जांभळी वाट

चर्चगेटहून बोरिवली स्लो पकडून गोरेगावला उतरलात, की साधारण २७ किलोमीटर अंतर कापून होतं. ब्लू-रे तबकडीच्या एका थरावर माहितीची जी सर्पिल वाट कोरलेली असते, ती उलगडून सरळ केली तर तिची लांबीही एवढीच भरते. आणि ही वाट मावते कशात, तर १२ सेंटीमीटर व्यासाच्या चकतीत. सीडीही याच मापाची, पण तिच्यावरची वाट जेमतेम साडेपाच किलोमीटरांची. ती महालक्ष्मीच्या जरा अलीकडेच संपते. डीव्हीडीची वाट १२ किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे दादर ओलांडून माटुंगा रोडपर्यंत.

हा हिशेब कुणालाही वहीत करून पाहता येईल. तबकडीवर माहिती असते ती मध्यापासून २४ मिलिमीटरवर सुरू होऊन ५८ मिलिमीटरवर संपणाऱ्या पट्ट्यात. त्या पट्ट्याचं क्षेत्रफळ काढा आणि शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमधल्या अंतरानं भागा, की वाटेची लांबी हाती येते. सीडीत हे अंतर १.६ मायक्रोमीटर असतं, डीव्हीडीत ०.७४ आणि ब्लू-रेत ०.३२. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन थरांच्या ५० जीबीच्या तबकडीत तर गंमत आणखी पुढे जाते. पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. गाडी गोरेगावला पोचते आणि वरच्या मजल्यावरून चर्चगेटकडे परत निघते.

संगणकात बसवायचा ब्लू-रे ड्राइव्ह निवडताना मला हीच गोष्ट सर्वांत आधी सांगावीशी वाटते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून लोक अशा वस्तूंसाठी वर्षानुवर्षं लॅमिंग्टन रोड गाठत आले आहेत. तिथे काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो ‘किती एक्स?’ आणि दुसरा ‘रायटर की नुसता रीडर?’ हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते नंतरचे आहेत. त्या चपट्या पेटीत नेमकं काय घडतं हे एकदा कळलं, की कोणत्या आकड्याकडे बघायचं आणि कोणत्याकडे नाही, हे आपोआप उमगतं.

घडतं ते असं. प्रकाश भिंगातून एका बिंदूवर आणला तरी तो बिंदू हवा तितका बारीक होत नाही. त्याची मर्यादा दोन गोष्टींवर ठरते: प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटतं ते. या दुसऱ्या गुणासाठी भिंगाला एक अंक दिलेला असतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेझर आणि ०.४५ अंकाचं भिंग. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर आणि ०.६० अंकाचं भिंग. ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा लेझर आणि ०.८५ अंकाचं भिंग. ब्लू-रेचा उजेड नावाप्रमाणे निळा नाही, चांगला जांभळा आहे.

आता तरंगलांबीला भिंगाच्या अंकानं भागा. डीव्हीडीसाठी उत्तर येतं सुमारे १०८३ आणि ब्लू-रेसाठी ४७६. म्हणजे बिंदूची रुंदी सव्वादोन पटींहून थोडी जास्तच आक्रसली. रुंदी आणि लांबी दोन्ही आक्रसली, म्हणून क्षेत्रफळाचा विचार करायचा तर या पटीचा वर्ग करायचा, तो पाचाच्या किंचित वर येतो. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात. त्याला या पटीनं गुणलं की उत्तर २४ जीबींच्या पुढे जातं. ब्लू-रेच्या एका थराची खरी क्षमता आहे २५ जीबी! इतक्या कंपन्या, इतके करार, इतकी यंत्रं, आणि शेवटी सगळा फरक जवळजवळ पूर्णपणे एका भागाकारात आणि एका वर्गात बसतो. प्रकाशाच्या नियमांपुढे बाजाराला किती कमी जागा उरते, हे इथे दिसतं.

हा जांभळा लेझर मात्र सहज हाती आला नाही. लाल लेझरसाठी लागणारे अर्धवाहक बरीच वर्षं उपलब्ध होते. निळ्या-जांभळ्या प्रकाशासाठी गॅलियम नायट्राइड लागतं आणि त्याचे निर्दोष स्फटिक वाढवणं अतिशय कठीण होतं. जगातल्या बऱ्याच प्रयोगशाळांनी दुसऱ्या पदार्थांवर भिस्त ठेवली. जपानमध्ये इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो गॅलियम नायट्राइडलाच चिकटून राहिले. आणि शुजी नाकामुरा निचिया नावाच्या, तोकुशिमा प्रांतातल्या एका रसायन कंपनीत त्याच पदार्थावर काम करत होते. नाकामुरांचा तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्ये जगासमोर आला आणि त्यानंतर तीन वर्षांत जांभळा लेझरही. निळ्या एलईडीसाठी या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्लू-रेचा आराखडा फेब्रुवारी २००२ मध्ये जाहीर झाला, चित्रपटांच्या तबकड्या २००६ मध्ये दुकानात आल्या. तोशिबाची एचडी डीव्हीडी नावाची प्रतिस्पर्धी तबकडी त्याच जांभळ्या लेझरवर चालायची, पण तिचं भिंग ०.६५ चं होतं आणि थराला १५ जीबीच मावायचे. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबानं माघार घेतली.

रुंद कोनाच्या भिंगाची एक किंमत मोजावी लागते. तबकडी जराशी तिरकी झाली तरी बिंदू विस्कटतो, आणि हे विस्कटणं भिंगाच्या अंकाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. त्यावर उपाय एकच होता: प्रकाशाला ज्या प्लॅस्टिकमधून जावं लागतं ते पातळ करायचं. सीडीत माहितीच्या वर १.२ मिलिमीटरचं पारदर्शक प्लॅस्टिक असतं, डीव्हीडीत ०.६, आणि ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर. माहिती जवळजवळ पृष्ठभागावरच आली. त्यामुळे ब्लू-रेच्या पहिल्या तबकड्या प्लॅस्टिकच्या पेटीत बंद असायच्या. पुढे टीडीके कंपनीनं ओरखडे न पडणारा कठीण लेप काढला आणि पेटीची गरज संपली. तबकडी कडेनं धरायची सवय मात्र ब्लू-रेच्या बाबतीत जास्तच पाळावी, कारण बोटाचा डाग इथे माहितीच्या फार जवळ बसतो.

आता ड्राइव्हच्या आत बघू. चित्रपट चालू असताना तबकडी भिंगासमोरून सेकंदाला सुमारे ७.४ मीटर वेगानं सरकते. हा वेग सगळीकडे सारखा ठेवायचा, म्हणून आतल्या कडेला तबकडी मिनिटाला जवळपास ३ हजार फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत १२०० वर येते. कुठलीही तबकडी अगदी सपाट नसते. फिरताना ती मिलिमीटरच्या काही दशांशांनी वरखाली होते. भिंगाला मात्र बिंदू अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास अचूक ठेवायचा असतो. म्हणून भिंग बारीक तारांवर तोललेलं असतं, त्याच्या भोवती तारेची वेटोळी आणि शेजारी चुंबक. परत येणारा प्रकाश चार तुकड्यांच्या संवेदकावर पडतो. बिंदू नीट जुळलेला असेल तर चारही तुकड्यांवर सारखा उजेड पडतो. भिंग जवळ वा लांब गेलं तर उजेडाचा गोल ताणला जाऊन तिरपा होतो. ते कळताच वेटोळ्यातला विद्युतप्रवाह बदलतो आणि भिंग हलतं. हे सेकंदाला हजारो वेळा घडत असतं.

तबकडीवरचा सगळ्यात आखूड खळगा १४९ नॅनोमीटरचा असतो. म्हणजे ज्या प्रकाशानं तो वाचायचा, त्याच्या तरंगलांबीच्या निम्म्याहूनही लहान! दोन वेढ्यांमधलं अंतरही त्या तरंगलांबीपेक्षा कमी. त्यामुळे बिंदूचा उजेड एकाच खळग्यापुरता राहत नाही, आजूबाजूच्या खळग्यांचे संकेत त्यात मिसळतात. ड्राइव्हमधली चिप आलेल्या लाटेकडे पाहून ‘कोणत्या खळग्यांच्या मांडणीतून अशी लाट येण्याची शक्यता सर्वांत जास्त’ याचं गणित करते. सेकंदाला जवळजवळ १० कोटी बारीक घरांबाबत हा निवाडा होतो. त्यातल्या काहींत चूक होणारच, आणि तीही धरलेली असते. माहितीच्या दर २१६ बाइटांमागे ३२ बाइट जास्तीचे लिहिलेले असतात, फक्त चुका शोधून दुरुस्त करण्यासाठी. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेलं हे गणित. व्हॉयेजर यानांचे फोटोही त्याच्याच आधारानं पृथ्वीवर सुखरूप पोचले.

एवढा खटाटोप कशासाठी, असं आजच्या स्ट्रीमिंगच्या काळात कुणी विचारेल. उत्तर पावसाच्या दृश्यात आहे. चित्र दाबून लहान करणारी सगळी तंत्रं एका गोष्टीवर चालतात: एका फ्रेममधलं पुढच्या फ्रेममध्ये बहुतांश तसंच राहतं, किंवा सरकून दुसरीकडे जातं. पावसात मात्र हजारो थेंब दर फ्रेमला नव्या जागी असतात. गणपती विसर्जनाची गर्दी, उधळलेला गुलाल, समुद्राच्या लाटा, जुन्या फिल्मचे कण, यांतही तेच. बिट कमी पडले की असं दृश्य चौकोनाचौकोनांत फुटतं आणि अंधारात पट्टे उमटतात. फुल एचडी चित्र न दाबता ठेवायचं तर सेकंदाला सुमारे ६०० मेगाबिट लागतील. ब्लू-रेत चित्राला ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते. त्याच आकाराच्या चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ मेगाबिटचं इंटरनेट कनेक्शन पुरेसं मानतं. तीन तासांचा हिंदी चित्रपट ५० जीबीच्या तबकडीत भरला तर सरासरी सेकंदाला ३७ मेगाबिट वाट्याला येतात, आवाज धरून. मुंबईत घडणाऱ्या चित्रपटांमध्ये पाऊस आणि गर्दी किती असते, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं उपनगरांना परकं नाही. शेमारू या व्हिडिओ कंपनीची सुरुवात १९६२ मध्ये वॉर्डन रोडवरच्या पुस्तकांच्या लायब्ररीतून झाली, पुढे त्यांनी व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि आज त्यांचं मुख्यालय अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये आहे. यशराजचा स्टुडिओ अंधेरी पश्चिमेला. त्यांनी आपल्या चित्रपटांच्या ब्लू-रे तबकड्या काढल्या. मधल्या काळात भारतभर राज्य केलं ते व्हीसीडीनं. ती सीडीच, चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास, म्हणून हिंदी चित्रपट दोन-तीन तबकड्यांमध्ये यायचा. मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केल्यावर घराघरांत तबकड्यांचे ढीग साचले. मुलुंड-बोरिवलीच्या कपाटांच्या माळ्यावर ते अजून आहेत, त्यांत बारशाचे आणि लग्नाचे व्हिडिओही आहेत. चांगला ब्लू-रे ड्राइव्ह घेण्याचं हे माझ्या लेखी एक मोठं कारण आहे. त्यात तिन्ही लेझर असतात, अवरक्त, लाल आणि जांभळा, आणि गेल्या तीन-चार दशकांतली जवळपास प्रत्येक तबकडी तो वाचू शकतो.

आता निवडीकडे. आधी कॅबिनेट उघडून बघा. पूर्ण आकाराच्या अंतर्गत ड्राइव्हला सव्वापाच इंचांचा कप्पा लागतो आणि नव्या काचेच्या कॅबिनेटांमध्ये तो बहुतेकदा नसतोच, समोर पंखे असतात. कप्पा असेल तर मदरबोर्डवर एक रिकामा साटा पोर्ट आणि पॉवर सप्लायमधून एक साटा वायर, एवढं पुरतं. साटाच्या वेगाची चिंता नको. ब्लू-रेचा एक ‘एक्स’ म्हणजे सेकंदाला ४.५ एमबी, १६ एक्सलाही ७२ एमबी होतात आणि सर्वांत जुना साटाही याच्या दुप्पट पेलतो.

‘किती एक्स’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. ब्लू-रे चित्रपटाला जास्तीत जास्त सेकंदाला ५४ मेगाबिट लागतात, म्हणजे फक्त दीड एक्स. बाजारात मिळणारा कुठलाही ड्राइव्ह ते सहज देतो. जास्त वेगाचा उपयोग माहिती उतरवून घेताना, आणि त्याची किंमत आवाजात मोजावी लागते: १२ एक्सला तबकडी मिनिटाला १० हजारांच्या घरात फेरे घेते. रात्री शांत दृश्य चालू असताना ही घरघर नको असेल, तर चित्रपट ओळखून वेग आपोआप कमी करणारा ड्राइव्ह घ्यावा. एक्सच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोक्यावरचे शब्द मात्र नीट वाचावेत. काही ड्राइव्ह डीव्हीडी लिहितात पण ब्लू-रे नुसती वाचतात. त्यांना कॉम्बो म्हणतात. नुसते चित्रपट बघायचे तर कॉम्बो पुरतो. घरचे व्हिडिओ जतन करायचे असतील तर रायटर घ्यावा, कारण बहुतेक कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचा थर अजैविक असतो आणि आपल्या दमट हवेत सीडी-डीव्हीडीतल्या सेंद्रिय रंगापेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या तबकड्या बनवणं थांबवलं, तेव्हा या तबकड्या मिळतात तोवर घेऊन ठेवाव्यात.

ड्राइव्ह बसवला म्हणजे चित्रपट लागतो, असं मात्र नाही. विंडोजमध्ये ब्लू-रे चालवण्याची सोय नसते. तबकडीवरचा चित्रपट कुलपात असतो आणि किल्ल्या परवानाधारक सॉफ्टवेअरकडे असतात. जुन्या किल्ल्या वेळोवेळी बाद होतात, म्हणून सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावं लागतं. साध्या पिशवीत मिळणारा ड्राइव्ह स्वस्त असतो, पण त्याच्याबरोबर हे सॉफ्टवेअर नसतं. खोक्यातल्याबरोबर बहुधा येतं. किमतींची तुलना हे धरून करावी. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही एचडीसीपी ही नक्कल रोखणारी सुरक्षा-पद्धत यायला हवी, नाहीतर चित्र पडद्यापर्यंत पोचत नाही.

विभागांचा प्रश्नही आहे. ब्लू-रेसाठी जग ए, बी, सी अशा तीन भागांत वाटलेलं आहे आणि भारत सी मध्ये येतो. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या. वाचलेले तुकडे बोलोन्यात फ्रेम-फ्रेमनं दुरुस्त झाले आणि २०१५ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीनं त्यांची ब्लू-रे काढली. पण क्रायटेरियनच्या अमेरिकी तबकड्या ए विभागाच्या. बंगालमध्ये घडलेला चित्रपट भारतातल्या संगणकावर अडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुदैवानं संगणकावर ब्लू-रेचा विभाग ड्राइव्ह नव्हे, तर सॉफ्टवेअर तपासतं. डीव्हीडीचा विभाग मात्र ड्राइव्हमध्येच नोंदलेला असतो आणि पाचदाच बदलता येतो.

फोर-केच्या तबकड्यांबाबत सावध राहा. त्या बहुतेकदा ६६ किंवा १०० जीबीच्या असतात, त्यांना विभाग नसतो, पण संगणकावर अधिकृतपणे चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सुरक्षित कोठडी लागते. डेस्कटॉप प्रोसेसरांत ती सातव्या पिढीपासून दहाव्यापर्यंतच उपयोगी पडली. अकराव्या पिढीपासून इंटेलनं ती काढून टाकली. म्हणजे आज नवा संगणक असेंबल केलात तर खोक्यावर ‘अल्ट्रा एचडी’ लिहिलेलं असूनही अधिकृत सॉफ्टवेअरनं चित्रपट लागणार नाही. फोर-के हवंच असेल तर टीव्हीला जोडायचा वेगळा प्लेअर घ्यावा. तोही लवकर बघावा: सॅमसंग २०१९ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली आणि २०२४ च्या शेवटी एलजीनंही प्लेअर बंद केले.

वापरलेला ड्राइव्ह घेत असाल, आणि नवे दुर्मीळ होत चालल्यानं बऱ्याच जणांना तोच घ्यावा लागेल, तर दुकानात जाताना तीन तबकड्या बरोबर न्या: एक सीडी, एक डीव्हीडी आणि एक दोन थरांची ब्लू-रे. तिन्ही लेझर वेगळे असल्यानं डीव्हीडी नीट वाचणारा ड्राइव्ह ब्लू-रेला साफ आंधळा असू शकतो. ब्लू-रे लावल्यावर सुरुवातीची दोन मिनिटं पाहून समाधान मानू नका. थेट चित्रपटाच्या मध्यावर जा. थर बहुधा तिथेच कुठेतरी बदलतो, तबकडीच्या अगदी बाहेरच्या कडेला, जिथे तिचं हेलकावणं सर्वांत जास्त असतं. भिंगाला त्या क्षणी २५ मायक्रोमीटर खोली बदलून नवा थर पकडावा लागतो, आणि थकलेला ड्राइव्ह नेमका तिथेच अडखळतो. चित्र न थांबता पुढे गेलं, की पैसे द्यायला हरकत नाही.